पडद्यावरचा पांढरा ठिपका

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण त्याची सुरुवात एका फोनने झाली.

आपल्यातलीच एक मैत्रीण. नाव सांगत नाही. पहिलं बाळंतपण. बाराव्या आठवड्यातली इथली तपासणी झाली, काही दिवसांनी पत्र आलं, शक्यता कमी आहे म्हणून. सगळे निर्धास्त. मग एकोणिसाव्या आठवड्यात ती चुलतभावाच्या लग्नाला पुण्याला गेली. घरचे म्हणाले, आलीच आहेस तर इथेही एकदा दाखवून घेऊ. तिथल्या रिपोर्टात सगळं ठीक लिहिलं होतं, फक्त खाली एक ओळ होती: बाळाच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात पांढरा, चमकणारा ठिपका. त्या रात्री तिने इंटरनेटवर काय काय वाचलं ते ती आजही सांगत नाही. परत आल्यावर विसाव्या आठवड्याची इथली तपासणी झाली. सोनोग्राफर बाईंनी हृदय नीट पाहिलं, चारही कप्पे दाखवले, पण ठिपक्याचा विषयच नाही. शेवटी हिनेच विचारलं. उत्तर आलं, "हो, तसं कधीकधी दिसतं. आम्ही ते लिहीत नाही."

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंचा प्रश्न: "अगं, लिहीत नाहीत म्हणजे काय? दिसत नाही, की दाखवत नाहीत?"

प्रश्न चोख होता. एकच बाळ, एकच ठिपका, यंत्रंही साधारण सारखीच. पुण्यात तो कागदावर येतो आणि बेसिंगस्टोकमध्ये येत नाही. यात कुणाचा हलगर्जीपणा आहे असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ‘न लिहिणं’ हा इथे विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, आणि त्यामागे बरीच वर्षं आहेत. तीच आज पाहू.

आपल्या पूर्वेला, सरे परगण्यात रेडहिलजवळ अर्ल्सवूड नावाचं एक आश्रयस्थान होतं. बौद्धिक वाढ कमी असलेल्या मुलांना आणि मोठ्यांना तिथे ठेवत. त्याचे प्रमुख डॉक्टर होते जॉन लँगडन डाउन. १८६६ साली त्यांनी एक निबंध लिहिला. तिथल्या काही मुलांचे चेहरे एकमेकांशी इतके जुळतात की ती भावंडंच वाटावीत, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी एकेक लक्षण टिपलं, आणि त्यात एक बारीक गोष्ट होती: या मुलांची कातडी सैल असते, जणू अंगाला मोठी झाल्यासारखी. हे वाक्य सव्वाशे वर्षांनी पुन्हा कामाला येणार होतं.

त्या निबंधात आज वाचवणार नाही असंही पुष्कळ आहे. डाउन यांनी या मुलांना मंगोल वंशाचं नाव दिलं, आणि ते शतकभर चिकटून राहिलं. १९६१ साली शास्त्रज्ञांच्या एका गटाने ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून नाव बदलण्याची मागणी केली, आणि मंगोलिया देशाने तक्रार केल्यावर १९६५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते सोडलं. डाउन यांच्या एका नातवाला हाच सिंड्रोम होता. आजोबा तोवर वारले होते. त्यांनी टेडिंग्टनला काढलेल्या नॉर्मन्सफील्ड या संस्थेच्या वास्तूत आज डाउन सिंड्रोम असोसिएशनचं कार्यालय आहे. बघायला जाता येतं.

कारण मात्र १९५९ पर्यंत कुणाला माहीत नव्हतं. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हेच मुळी १९५६ साली पक्कं झालं. मग पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून, मार्त गोतिए आणि रेमाँ त्युरपँ यांनी दाखवलं की या मुलांच्या पेशीत ४७ असतात. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती. पेशी वाढवण्याचं कष्टाचं काम गोतिएबाईंचं, आणि नाव मोठं झालं लेज्यून यांचं. पण तो वाद आज बाजूला ठेवू. १९६० साली अठराव्या आणि तेराव्या गुणसूत्राच्या जास्तीच्या प्रतीमुळे होणारे आजारही ओळखले गेले. एडवर्ड्स आणि पटाऊ ही दोन नावं तुमच्या मिडवाइफने दिलेल्या पुस्तिकेत दिसतात, ती याच दोघांची. ते आजार फार गंभीर. त्यातली बहुतेक बाळं जन्माआधी किंवा जन्मानंतर लवकर जातात. डाउनची गोष्ट निराळी, तिच्याकडे पुन्हा येऊ.

आता यंत्राकडे. तेही याच देशातलं. ग्लासगो म्हणजे जहाजबांधणीचं, लोखंडाचं शहर. तिथल्या कारखान्यांत धातूच्या आत चीर आहे का हे पाहायला ध्वनिलहरी सोडत. चिरेवर आपटून प्रतिध्वनी आला की कळे. इयन डोनाल्ड हे तिथले स्त्रीरोगतज्ज्ञ युद्धात हवाई दलात होते, त्यामुळे रडार वगैरे प्रकरण त्यांच्या ओळखीचं. १९५५ साली ते बायकांच्या पोटातून काढलेल्या गाठी घेऊन रेनफ्रूच्या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले आणि लोखंडासाठीच्या यंत्राखाली त्या धरून पाहिल्या. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येत होते. टॉम ब्राउन हा तरुण इंजिनियर त्यांना येऊन मिळाला, आणि ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राउन यांचा लेख आला. त्यात बाळाच्या डोक्याची आकृतीही होती. आज ज्या काळ्यापांढऱ्या फोटोची प्रत आपण आजीआजोबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, त्याचं मूळ बॉयलरच्या चिरा शोधण्यात आहे.

तरी सोनोग्राफीत गुणसूत्र दिसत नाही. दिसणारही नाही, ते फार लहान. गुणसूत्रं मोजायची तर पेशी हव्यात, आणि त्यासाठी पोटातून सुई घालून गर्भजल काढावं लागतं. १९६६ पासून ते जमू लागलं. पण सुईने गर्भपाताचा थोडा धोका असतो, त्या काळी साधारण शंभरात एक धरत. म्हणून प्रश्न आला: सुई कुणाला सुचवायची? पहिलं उत्तर वयाचं होतं. विशीतल्या आईच्या बाळात डाउनची शक्यता साधारण दीड हजारात एक, पस्तिशीला साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक. तेव्हा पस्तिशीची रेघ ओढली गेली. गंमत अशी की बाळं जास्त होतात ती पस्तिशीच्या आतल्या बायकांना, त्यामुळे डाउनची बहुतेक बाळंही त्यांनाच होत. रेघ बरोबर होती आणि तरी बहुतेक जणी तिच्या बाहेर राहत होत्या.

मग डॉक्टर पडद्यावर खुणा शोधू लागले. ‘खूण’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. खूण म्हणजे दोष नव्हे. वाटेवर बैलाचं शेण दिसलं म्हणजे बैल दिसला असं नाही. इथून बैल गेला असण्याची शक्यता वाढली, एवढंच.

१९८५ साली बॉस्टनमध्ये बेरिल बेनासेराफ यांनी दाखवलं की पाचव्या महिन्याच्या सुमारास मानेमागची कातडीची घडी जाड दिसली तर डाउनची शक्यता वाढते. सहकाऱ्यांनी सुरुवातीला फारसं मनावर घेतलं नाही. आणि मग लंडन. बेसिंगस्टोकहून वॉटर्लूची गाडी पकडा, तिथून डेन्मार्क हिल फार लांब नाही. तिथे किंग्ज कॉलेज हॉस्पिटल. सायप्रसमध्ये जन्मलेले किप्रोस निकोलाइडीस तिथे गर्भातल्या बाळांवर काम करत होते. नेटफ्लिक्सवरच्या सर्जनांच्या मालिकेत तुमच्यापैकी काहींनी त्यांना पाहिलं असेल. १९९२ साली त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ८२७ गर्भांचा अभ्यास छापला. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला प्रत्येक बाळाच्या मानेमागे कातडीखाली थोडं पाणी साठतं, पडद्यावर ती काळी पट्टी दिसते. ५१ बाळांत ती ३ मिलिमीटर किंवा जास्त होती, आणि त्यातल्या १८ बाळांच्या गुणसूत्रांत दोष निघाला. बाकीच्या ७७६ मध्ये फक्त दहांच्या. लँगडन डाउनची ती सैल कातडी, आता जन्माच्या सहा महिने आधी आणि मिलिमीटरमध्ये.

हे आकडे उलटेही वाचा बरं का. ५१ पैकी ३३ बाळांची गुणसूत्रं व्यवस्थित होती. एनटी जास्त आली म्हणून रडत घरी आलेल्या प्रत्येकीला हे कुणीतरी सांगायला हवं.

इथे मोजमापाचं शिस्तीचं काम सुरू झालं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा प्रश्न असल्याने कुणी कसंही मोजून चालणार नव्हतं. बाळ बाजूने दिसायला हवं, मान ना वाकलेली ना ताठ, चित्र पुरेसं मोठं, रेषा पट्टीच्या नेमक्या आतल्या कडेवर. बाळ उलटं झोपलं असेल तर आईला खोकायला सांगतात, नाहीतर बाहेर फेरी मारून या म्हणतात, ते त्यासाठी. १९९८ साली २२ केंद्रांतल्या ३०६ सोनोग्राफरांनी केलेल्या ९६,१२७ गर्भधारणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि आईचं वय नि ही पट्टी मिळून डाउनची पाचांपैकी सुमारे चार बाळं आधी कळू शकतात हे दिसलं. पुढे त्यात आईच्या रक्तातल्या दोन घटकांची भर पडली. हीच आपली आजची बारा आठवड्यांची एकत्रित चाचणी.

पण त्याच दशकात दुसऱ्या टोकाला खुणांची रेलचेल झाली. यंत्रं सुधारली, पडदा स्पष्ट झाला, आणि विसाव्या आठवड्याच्या तपासणीत पूर्वी न दिसणारं बरंच काही दिसू लागलं. मेंदूतल्या द्रवाच्या जाळीत बारीक पाण्याचे फुगे. हाडासारखं पांढरं दिसणारं आतडं. मूत्रपिंडाची किंचित फुगलेली पिशवी. आणि हृदयातला तो ठिपका, जो म्हणजे स्नायूत साठलेल्या चुन्याचा कण. प्रत्येकावर निबंध निघाले, प्रत्येकाचा संबंध कुठल्या ना कुठल्या गुणसूत्राशी जोडला गेला. डॉक्टर दिसेल ते लिहू लागले आणि आया सुईच्या टेबलावर जाऊ लागल्या.

हिशोब साधा आहे, आपल्या मैत्रिणीचाच मांडू. समजा बाराव्या आठवड्याच्या पत्रात दोन हजारात एक आलं आहे. अशा दोन हजार बायका घ्या. त्यांच्यात डाउनचं बाळ एक. हृदयातला ठिपका निरोगी बाळांतही शंभरात तीन-चार जणांना असतो, म्हणजे साठ ते ऐंशी बाळं. आशियाई वंशाच्या आयांच्या बाळांत तो आणखी जास्त वेळा दिसतो, ही आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट. त्या साठ-ऐंशी जणींना सुई टोचली तर शंभरात एकच्या हिशोबाने जवळजवळ एक निरोगी बाळ हातचं जायचं. आणि ज्या एका बाळासाठी हे सगळं, त्याच्या हृदयात ठिपका असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसतोच.

२००१ साली अमेरिकेतल्या रिबेका स्मिथ-बाइंडमन आणि सहकाऱ्यांनी असे ५६ अभ्यास एकत्र करून हेच दाखवलं. मानेमागची जाड घडी सोडली तर बाकीच्या खुणा एकट्यादुकट्या दिसल्या तर त्यांवरून काही ठरवू नये; त्यातून सापडणाऱ्या बाळांपेक्षा गमावली जाणारी जास्त. मग २००९ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने फर्मान काढलं: हृदयातला ठिपका, मेंदूतले फुगे आणि अशा आणखी दोन-तीन गोष्टी इथून पुढे फक्त शरीराची साधी विविधता मानायच्या आणि त्यांच्यामुळे आईची शक्यता बदलायची नाही. मानेची जाड घडी, हाडासारखं पांढरं आतडं, मेंदूतल्या रुंद पोकळ्या, मूत्रपिंडाची मोठी पिशवी, बाळाची खुंटलेली वाढ: एवढ्या पाच गोष्टी मात्र नोंदवायच्या आणि पुढे पाठवायच्या.

वैद्यकात एखादी गोष्ट शोधून काढणाऱ्याचं नाव होतं. दिसणारी गोष्ट लिहू नका असं ठरवणाऱ्या समितीचं कुणाला ठाऊक नसतं. मला स्वतःला हा निर्णय धाडसाचा वाटतो, आणि थोडा अपुराही. न लिहिण्याचं कारण आईला दोन वाक्यांत सांगण्याची व्यवस्था त्याबरोबर व्हायला हवी होती.

आता पुणे. तिथल्या डॉक्टरांनी काही चूक केली का? मला तसं वाटत नाही. भारतात या तपासणीचा असा एकच राष्ट्रीय कार्यक्रम नाही. जो तपासतो तो दिसेल ते लिहितो आणि फाइल आईच्या हातात देतो. बाराव्या आठवड्याचं इथलं पत्र त्यांच्यासमोर असतंच असं नाही. शिवाय २०२१ पर्यंत गर्भपाताची कायद्याची मर्यादा वीस आठवडे होती. तपासणी अठरा ते वीसमध्ये आणि दार विसाव्याला बंद. अशा घाईत काही राहून गेलं असं नको, म्हणून सगळं लिहिण्याची सवय लागली असावी. आता बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने ही मर्यादा लागू होत नाही. सवयी मात्र कायद्याइतक्या पटकन बदलत नाहीत.

आणि महाराष्ट्रात या यंत्राचा इतिहासच वेगळा आहे, तो आपण सगळे बरोबर घेऊन इथे आलो आहोत. गर्भजलाची परीक्षा भारतात सत्तरच्या दशकात आली ती गुणसूत्रांचे दोष शोधायलाच. पण जी पेशी एकविसावं गुणसूत्र दाखवते तीच एक्स आणि वायही दाखवते. ऐंशीच्या दशकात मुंबईत या परीक्षेच्या जाहिराती लागत, हुंड्याच्या खर्चाशी तपासणीच्या खर्चाची तुलना करणाऱ्या. १९८५-८६च्या सुमारास मुंबईत स्त्री-संघटना, डॉक्टर आणि आरोग्याचं काम करणारी माणसं विरोधात एकत्र आली, आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा, लागू झाला १ जानेवारी १९९६ पासून. तोवर सुईची जागा सोनोग्राफीने घेतली होती. कायदा कागदावरच राहतो म्हणून २००० साली मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर २००३ साली कायदा कडक झाला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे राज्यात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४.

म्हणून आपल्याकडे सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी, आत भरायचा ‘एफ’ फॉर्म. मजेची गोष्ट म्हणजे त्याच कायद्यात या तंत्राच्या परवानगीच्या वापरांत गुणसूत्रांच्या दोषांचा शोध आहे. म्हणजे आपल्या आजच्या विषयाला तिथे पूर्ण मुभा. पण आपल्या पिढीच्या कानात सोनोग्राफी म्हटलं की पाटी वाजते. इथे विसाव्या आठवड्याला सोनोग्राफर सहज विचारते, मुलगा की मुलगी, सांगू का? तेव्हा अनेक मराठी जोडपी गडबडतात. माझ्या ओळखीच्या एकाने दाराकडे बघितलं होतं म्हणे.

इथली पद्धत दुसऱ्या बाजूने गोंधळात टाकते. सगळं ऐच्छिक. मिडवाइफ विचारते, तुम्हाला ही चाचणी हवी आहे का? आपल्याला सवय ‘डॉक्टर सांगतील तसं’ची. आणि उत्तर येतं आकड्यात. दीडशेत एक किंवा त्याहून जास्त शक्यता निघाली तर फोन येतो, पुढचे पर्याय मांडतात. २०२१ च्या जूनपासून इंग्लंडमध्ये त्यात आईच्या रक्तावरून बाळाचा डीएनए तपासणारी चाचणीही आली आहे, सुईशिवाय. तीही खूणच, जास्त पक्की, पण शेवटचा शब्द सुईचाच. आणि दीडशेत एक म्हणजे १४९ वेळा नाही, हे त्या फोननंतर कागदावर लिहून फ्रिजला लावावं.

एक शब्दाची गोष्ट राहिली. इंग्लंडच्या पुस्तिकांत पूर्वी ‘रिस्क’ लिहीत, आता ‘चान्स’ लिहितात. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांच्या कुटुंबांना पहिला शब्द टोचत होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या माणसांचं सरासरी आयुष्य पंचवीसच्या आसपास होतं. हृदयाच्या शस्त्रक्रिया लवकर होऊ लागल्या, मुलं संस्थांऐवजी घरी वाढू लागली, आणि आता ते साठीला पोचलं आहे. हायडी क्राउटर ही डाउन सिंड्रोम असलेली तरुणी या देशाच्या गर्भपात कायद्यातल्या कलमाविरुद्ध न्यायालयात गेली. २०२१ साली आणि पुन्हा २०२२ साली अपिलात ती हरली, पण तिची बाजू देशाने तिच्या तोंडून ऐकली. कुणी पुढची चाचणी करावी, कुणी काय ठरवावं, हे सांगायला हा कार्यक्रम नाही. आपल्या मराठीत मात्र फोनवर आपण अजून ‘धोका’ म्हणतो. ‘शक्यता’ हा शब्द आपल्याकडे आहे की.

तर मैत्रिणीने काय केलं? इथल्या मिडवाइफला दोन्ही कागद दाखवले, बारा आठवड्यांचं पत्र आणि पुण्याचा रिपोर्ट. तुमच्याकडेही असे दोन कागद असतील तर तेच करा, इंटरनेटच्या आधी. मिडवाइफने पत्रातला आकडा दाखवून सांगितलं, हा तुमचा आकडा आहे आणि ठिपक्याने तो बदलत नाही. रात्री हिने सासूबाईंना फोन केला. "आई, दिसतो त्यांना. पण तो पाहून काही ठरत नाही, म्हणून लिहीत नाहीत."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "बरं. मग डिंकाचे लाडू कधी पाठवू ते सांग. आणि हो, ते कस्टमवाले डिंक अडवत नाहीत ना?"

त्याची चौकशी करून पुढच्या भागात सांगते. तोवर नमस्कार.